श्वान-निवड उपसमितीचे कामकाज

आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे दोन पितळी नळ नाहीसे झाले, त्यामुळे सोसायटीची विशेष सभा बोलावणे भाग पडले. मी सोसायटीचा सचिव. पुढची हकीकत मी सभांच्या इतिवृत्तावरून सांगतो आहे, त्यामुळे तिच्यात खोटे काही नाही. जे कोणाला ऐकायचे नव्हते तेवढे फक्त त्या वेळी गाळले होते. ते आता आठवेल तसे घालतो.

सभेत ठरले की रखवालदार काढून कुत्रा ठेवावा. फाटकावर सोळा वर्षे मामा होते. ते नेमके कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नव्हते, पण सगळी इमारत त्यांना मामाच म्हणे. ते दुपारी डुलक्या घेतात असा आरोप होता. कुत्रासुद्धा दिवसाचे बारा तास झोपतो, असे एका सदस्याने सांगितले. ते विषयाला सोडून असल्यामुळे मी नोंदवले नाही.

मामांना महिनाअखेर मोकळे करायचे ठरले तेव्हा ते दारातच उभे होते. म्हणाले, "साहेब, मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं एक वर्ष काढू द्या."

अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "मामा, मनाला लावून घेऊ नका. हा तुमच्यावर अविश्वास नाही. हा कुत्र्यावर विश्वास आहे."

चौथ्या दिवशी प्लंबर नळ घेऊन आला. नळ गळत होते म्हणून त्यानेच दुरुस्तीला नेले होते. तशी चिठ्ठी त्याने मामांना दिली होती, मामांनी ती मला दिली होती आणि मी ती फायलीत लावली होती. फायलीत लावलेले कागद वाचण्याची आमच्याकडे पद्धत नाही. नळ पुन्हा बसले, पण ठराव काही मागे घेता येईना, कारण मंजूर ठरावात सहा महिने बदल करता येत नाही. तो नियम मीच सभेला वाचून दाखवला. त्या दिवशी घरी मला माझे ताट मीच वाढून घ्यावे लागले.

आता कुत्रा कुठला? तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, रॉटवायलर. त्याचे पूर्वज गुरे हाकत आणि खाटकांच्या गाड्या ओढत, म्हणजे कामाची सवय रक्तातच. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केन कोर्सो. त्याचे पूर्वज रानडुकरे धरत. "आणि जबडा पाहिलात का? मी तीस वर्षं जबडे पाहतेय." दोघांपैकी एकानेही दोन्हींतला एकही कुत्रा समोरासमोर पाहिला नव्हता, त्यामुळे मते अगदी ठाम होती. आठवड्याभरात इमारतीत दोन पक्ष पडले. अध्यक्षांची पत्नी कोर्सोवाली आणि सख्खा मेहुणा रॉटवायलरवाला निघाला, तेव्हा अध्यक्षांनी उपसमिती नेमली.

उपसमितीला तुलनात्मक तक्ता हवा होता. तयार नमुना एकच होता, लिफ्ट घेताना वापरलेला. तोच भरला. "क्षमता" या रकान्यात दोन्हींपुढे "एका वेळी एक इसम" असे आले. "आपत्कालीन थांबा" दोघांनाही नव्हता. "वीज गेल्यास चालू राहील काय" याला दोघांनाही पूर्ण गुण मिळाले. एकूण बेरीज समसमान झाली.

एका बाबतीत मात्र एकमत झाले. दोन्ही जातींना उकाडा सोसत नाही. म्हणून फाटकावरच्या खोलीत ताबडतोब पंखा बसवला आणि खिडकीला जाळी लावली. मामा आठ वर्षे तोच पंखा मागत होते. खोली कुत्र्यासाठी राखीव झाल्यामुळे मामांचे स्टूल बाहेर उन्हात आले. ते जाता-येता पंख्याकडे पाहत.

मग कुत्र्यांना शिकवणारा एक प्रशिक्षक बोलावला. त्याने तक्ता उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "दोन्ही ताकदवान, दोन्ही हट्टी. कुठलाही आणा. रोज दोन-तीन तास त्याला कोण देणार, ते आधी सांगा. त्याला कायमचा एक माणूस लागतो. तो नसेल, तर उद्या तुम्हीच फाटकातून आत येऊ शकणार नाही."

म्हणजे फाटकावर एक कायमचा माणूस हवा होता. रखवालदाराचे पद तर रद्द झालेले. तेव्हा "श्वानपालक" असे नवे पद काढून जाहिरात दिली. अट एकच, मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा पाच वर्षांचा अनुभव. अर्ज एकच आला, मामांचा.

"अनुभव?" इंजिनियरांनी विचारले.

"सोळा वर्षं या फाटकावर आहे, साहेब. जाता-येता सगळे गुरगुरतात. अजून कोणी चावलं नाही."

डॉक्टरीणबाईंना हसू आले. अर्ज अनुभवाअभावी नामंजूर झाला. महिनाअखेरीस मामांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि कोणाच्या घरी कोणाला वर सोडायचे नाही, ते तोंडपाठ सांगू लागले. मी म्हटले, "असू द्या मामा, आता कुत्रा बघेल." हे मी म्हणायला नको होते.

शेवटचे मतदान चौदा विरुद्ध चौदा झाले. अध्यक्षांनी घरातली शांतता लक्षात घेऊन आपले निर्णायक मत राखून ठेवले. दरम्यान कोणीतरी उत्साहाने फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावली होती. कुत्रा नसताना अशी पाटी म्हणजे लोकांची दिशाभूल, असा लेखी आक्षेप आला. पाटी काढायला ठराव हवा, आणि तोही चौदा-चौदावर अडकला. शेवटी अंतरिम व्यवस्था म्हणून सदस्यांनी पाळीपाळीने फाटकावर बसावे आणि अनोळखी माणूस दिसताच भुंकावे, असे ठरले. रॉटवायलर पक्ष घसा खरवडून भुंकतो. कोर्सो विनाकारण भुंकत नाही, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असल्यामुळे त्यांचा पक्ष नुसता रोखून पाहतो. परवा कुरियरवाल्याने इंजिनियरांसमोर एक बिस्कीट टाकले. त्यांनी ते घेतले नाही, याची अभिनंदनपर नोंद झाली आहे.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. सगळे पोट धरून हसतात, मग जरा पुढे सरकून विचारतात, "पण खरं सांगा, दोघांत चांगला कुठला?" मामा कुठे गेले, मुलीचे वर्ष पुरे झाले का, हे मला कोणी विचारलेले नाही. विचारले तर सांगता यायचे नाही, कारण मीही कधी चौकशी केली नाही. तुम्हीही इथवर तक्त्यातले गुण मनातल्या मनात मोजत आला असाल, तर संकोच करू नका. उपसमितीत एक जागा रिकामी आहे, आणि तिला अनुभवाची अट नाही.