पुंजारामबाबांचा खोकला

"ताई, तेवढा माझा खोकला वापस द्या," खुर्चीत टेकत पुंजारामबाबा म्हणाले. शेजारी त्यांच्या पत्नी चतुराबाई पदर सावरून बसल्या.

क्रांती चौकातल्या त्या ऑफिसात तनुजा खोकल्यावरून छातीचे आजार ओळखणारे ॲप तयार करत होती. करमाड गावच्या मंडळींकडून गोळा केलेल्या आवाजांत बाबांचा खोकला इतका खणखणीत निघाला, की 'असे खोका' या बटणामागे तिने तोच बसवला होता.

"काय झालं बाबा?"

"मी दारात खाकरलो की सुना पदर घेतेत. बापजाद्यापासून रीत हाये. आता मी ज्याच्या त्याच्या मोबाइलात खाकरायलो. पयल्या दिवशी सुना उठबस करून दमल्या, पारावरचा पत्त्याचा डाव उधळला. मग समद्यांना उमगलं. काल मी खरंच दारात उभा, तर धाकटी आतून म्हणती, 'बंद करा रं ते.'"

तनुजाने हसू दाबले. "पण तुम्ही सही दिली होती, बाबा."

"दुखणं हुडकायला दिली. गावाला ऐकवायला नाय."

खरे होते ते. संमती फक्त संशोधनापुरती होती. तिनेच त्यांना वाचून दाखवली होती. तिने कंपनीच्या इंद्रजीत सरांना फोन लावून सगळे सांगितले; फोन नेमका स्पीकरवर लागला होता.

"ॲप आपलं आहे, तनुजा. खोकल्यावर कसली आलीय मालकी?"

"ॲप तुमचं साहेब," बाबा फोनवर वाकून म्हणाले, "पण खोकला माझ्या बापाचा हाये. हुबेहूब."

"काढून टाक," सर म्हणाले. "पण बटण मोकळं नको. उद्या ॲप दाखवायचंय."

बाबांच्या डोळ्यांदेखत तनुजाने तो आवाज पुसला. आता नवा खोकला कुणाचा?

"माझा घ्या की," चतुराबाई पहिल्यांदाच बोलल्या.

या वेळी तनुजाने नीट विचारले. "मावशी, घरोघरी वाजेल हं. चालेल?"

"वाजू द्या. मला कुठं कुणावर धाक ठेवायचाय?"

आणि माइककडे वाकून त्या एकदाच, बारीकसे खोकल्या.

पुंजारामबाबा ताठ झाले. घरच्या सवयीने खिशातली तंबाखूची पुडी काढून त्यांनी मुकाट्याने टेबलावर ठेवली. मग तनुजाकडे सरकून हळूच म्हणाले,

"ताई, माझाच लावा वापस."