बारा ते सहा घरी कोण असतं?

"दुपारी बारा ते सहा तुमच्या घरी कोण असतं?"

दार उघडल्या उघडल्या एखादी अनोळखी बाई असं विचारायला लागली, तर तिला एक तर काहीतरी विकायचं असतं, नाहीतर काहीतरी उचलायचं असतं. नाव नाही, गाव नाही, "नवीन का?" नाही. थेट बारा ते सहा! मी फ्रीमाँटला येऊन तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते. दारात साठीच्या पुढची एक मराठी बाई उभी होती. अंगात सलवार-कुर्ता, पायात पांढरे बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेला किचन टायमर. मी घाबरून खरं ते सांगून टाकलं.

"मीच असते."

"एकटी?"

आता मात्र माझी खात्री पटली की ही बाई उचलणाऱ्यांपैकीच आहे. तरी म्हटलं, "हो."

"रोज?"

"रोज."

ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तुला साधा प्लॅन. दिवसभर एकच भाव. त्या वेळेच्या प्लॅनच्या नादी लागू नकोस, दुपारी लुटतात. मी नलिनी, समोरच्या रांगेत राहते. नलूकाकू म्हण. चहा टाक."

चहा पिता पिता सगळा उलगडा झाला. आमच्याकडच्या वीज कंपनीचे घरगुती ग्राहकांसाठी मुख्य दोन प्लॅन होते. एक साधा, म्हणजे चोवीस तास एकच भाव. दुसरा वेळेचा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा ते सहा वीज महाग आणि बाकी सगळा वेळ स्वस्त. नवीन मराठी कुटुंब आलं की आठवड्याच्या आत नलूकाकू त्यांच्या दारात उभ्या राहायच्या आणि त्यांचा प्लॅन ठरवून द्यायच्या. कोणी बोलावलेलं नसायचं. फुकट असायचं. आणि नाही म्हणायची सोय नसायची.

"आणि तुमचा कुठला प्लॅन, काकू?" मी विचारलं.

"वेळेचा," काकू म्हणाल्या. "बारा ते सहा माझ्याकडे सोन्याचा भाव. म्हणून मी घरात काही चालू ठेवत नाही. उद्या इकडेच येते. तुझा भाव साधा आहे, तुला काय फरक पडतो?"

मला वाटलं, बोलायची पद्धत असते एकेकाची. दुसऱ्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. काकू मिक्सरचं भांडं, भिजवलेली उडीद डाळ आणि इस्त्रीचे चार कुर्ते घेऊन हजर!

पहिला आठवडा मी नुसती धुमसत होते. संध्याकाळी मंदार, म्हणजे माझा नवरा, ऑफिसातून आला की माझी टकळी सुरू. "ही बाई माझ्या विजेवर इडलीचं पीठ वाटते! माझ्या ओव्हनमध्ये दाणे भाजते! इस्त्रीसुद्धा माझीच!"

"कूट कोणाचं?" मंदारने विचारलं. तो अंगठीएवढ्या चिपा तपासणारा इंजिनियर, त्याला नेमके प्रश्न सुचतात.

कूट आमच्या बरणीत होतं. इडलीचं पीठ निम्मं आमच्या फ्रीजमध्ये होतं. इस्त्री करताना काकूंनी मंदारचे तीन शर्टही उरकले होते. तरी माझा राग काही जाईना. मी तेव्हा सगळ्यांवरच रागावलेली होते, त्यात काकूही आल्या.

कारण सांगते. सांगलीत मी शाळेत सायन्स शिकवायचे. चाळीस-चाळीस पोरं एका वेळी, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. नोकरी करायला परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि गाडीशिवाय या गावात कोथिंबीरसुद्धा मिळत नाही. मंदार आठला निघायचा तो सातला उगवायचा. सकाळ कशीबशी जायची, पण दुपार जाता जायची नाही. जेवण झालं की मी खिडकीशी उभी राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे आणि रडायचे. मंदारला मी स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर मी परत जाणार." बॅग मी पूर्ण रिकामी केलीच नव्हती.

आणि दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी ही बाई डाळ घेऊन यायची. रडायचं कधी?

एकदा मंदार रविवारी म्हणाला, "मला एक कळत नाही. काकू एकट्या. दुपारी त्यांना वीज लागून लागून किती लागणार? एक पंखा नि एक दिवा. त्यासाठी घराला कुलूप घालून बाहेर पडायचं?"

मी हे दुसऱ्या दिवशी काकूंना जसंच्या तसं विचारलं. काकूंनी मिक्सर बंद केला. "तत्त्व म्हणून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालू केला. मिक्सर चालू असताना वाद घालता येत नाही.

काकूंचा खरा दरबार बघायचा तर मंडळाच्या गणपतीत. लोक आरती झाल्यावर प्रसादाला रांग लावायचे आणि तिथून सरळ काकूंच्या खुर्चीपुढे. काकू भावाचा आकडा सगळ्यात शेवटी बघायच्या. "भाव नंतर. आधी घर सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेगडी गॅसची की विजेची? आंघोळी किती वाजता? घरी कोणी म्हातारं आहे का, थंडी सोसत नाही असं? बाळ आहे का? होणार आहे का? हा शेवटचा प्रश्न त्या नव्या जोडप्याला भर सभामंडपात विचारायच्या, आणि वर म्हणायच्या, "लाजतेस काय, मीटरला कळणारच आहे."

त्या वर्षी पुण्याचा एक मुलगा लॅपटॉप घेऊनच आला होता. त्याने एक्सेलमध्ये वर्षभराचा हिशोब मांडला होता. वेळेचा प्लॅन घेतला तर पैसे वाचतात, हे रंगीत रेघांनी सिद्ध केलं होतं. शेजारी त्याची बायको, कडेवर चार महिन्यांचं बाळ.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोला विचारलं, "बाळाची आंघोळ किती वाजता?"

"एक वाजता, काकू. त्याआधी तो उठतच नाही."

"हीटर लावतेस?"

"लावावा लागतो."

"मग साधा प्लॅन."

"पण काकू, एक्सेल..." मुलगा म्हणाला.

"एक्सेलला बाळ आहे का? नाही ना? मग त्याला काय विचारतोस! उद्या ही एक वाजता हीटर लावायला जाईल आणि तिला तुझं ते एक्सेल आठवेल. जो प्लॅन पाळताना घरात भांडण होतं, तो महाग. लिहून ठेव."

त्याच्यामागे चार पोरं होती, एका अपार्टमेंटमध्ये राहणारी. काकूंनी विचारलं, "तुम्ही घरी कधी असता?"

"फक्त झोपायला, काकू."

"वेळेचा प्लॅन. आणि धुणं शनिवारी. शनिवार-रविवार मीटर झोपलेलं असतं, दिवसभर स्वस्त. किती वेळा मशीन लावता?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "महिन्यातून एकदा."

"मग कुठलाही घ्या," काकू म्हणाल्या. "आणि जरा लांब उभे राहा."

हे सगळं शिकल्या कुठे, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काका होते तोवर बिलाचं पाकीटसुद्धा काकूंनी कधी फोडलं नव्हतं. काका गेले, मुलगी लांब बॉस्टनला, आणि पाकिटं मात्र येत राहिली. "एकेक फोडलं आणि वाचलं," काकू म्हणाल्या. "दुसरं काम काय होतं?" एवढंच. यापुढे त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत, आणि माझीही विचारायची हिंमत झाली नाही.

दिवाळी आली. मी परत गेले नाही. त्या दुपारी आम्ही चकल्या करत होतो आणि पीठ सैल झालं होतं. ते सावरण्याच्या नादात बॅगेचा विषय राहूनच गेला. पुढे काकूंनी मला गाडी शिकवली. रोज साडेबाराला, त्यांच्याच जुन्या गाडीत, ताशी वीस मैलांनी. मागचे लोक हॉर्न मारायचे आणि काकू काच खाली करून त्यांना मराठीतून वेळ विचारायच्या. अशी तीन वर्षं गेली. एकही सोमवार ते शुक्रवार चुकला नाही. आजारी असल्या तर त्या माझ्या सोफ्यावर येऊन आजारी पडायच्या.

मग एके दिवशी माझं नोकरीचं परमिट आलं. दोन महिन्यांत नोकरीही लागली, सांता क्लाराला, एका कंपनीच्या लॅबमध्ये. मी उड्या मारत काकूंना सांगितलं. काकूंनी मला जवळ घेतलं, पाठीवर एक जोरदार धपाटा घातला, आणि लगेच विचारलं, "मग आता बारा ते सहा तुमच्या घरी कोण असतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मग वेळेचा प्लॅन घे. कंपनीला फोन कर. उशीर करू नकोस." काकूंनी टायमर उगाचच फिरवला. "मला काय, लायब्ररी आहे."

सोमवारी नोकरीवर जायचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी बारा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. बेल वाजली नाही. फोन केला तर काकू म्हणाल्या, "तुझी शेवटची मोकळी दुपार. आराम कर." मी फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि माझं बिल घेऊन समोरच्या रांगेत गेले. तीन वर्षांत दुपारी काकूंच्या घरी मी पहिल्यांदा जात होते.

दार उघडलं तर आत टीव्ही चालू, पंखा चालू, ओव्हन चालू, आणि घरभर तुपाचा वास.

काकू एकदम गडबडल्या. "अगं, तुझ्या ऑफिसात न्यायला नानकटाई करत होते. आज एक दिवस... महाग तर महाग." त्यांनी घाईघाईने टीव्ही बंद केला. "फोन केलास कंपनीला? नाही? मग आत्ता लाव, माझ्यासमोर."

त्यांच्याच फोनवरून मी नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने एक बाई लाइनवर आली. तिला मी माझा खाते क्रमांक सांगितला आणि प्लॅन बदलायचाय म्हटलं. कोणता हवा, प्लॅनचा कोड काय, असं तिने विचारलं, आणि नेमका तेव्हाच काकूंच्या गळ्यातला टायमर वाजला. काकू स्वयंपाकघरात पळाल्या. मी इकडेतिकडे बघितलं. फोनच्याच खाली काकूंचं ताजं बिल होतं. म्हटलं, त्यांचाच प्लॅन तर हवाय. बिलावर छापलेला कोड मी वाचून दाखवला.

"मॅम, हा तर तुमच्याकडे आधीपासून आहे," ती बाई म्हणाली. "हा आमचा साधा प्लॅन. चोवीस तास एकच भाव."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. तिने पुन्हा बघितलं. चूक नव्हती. मी बिलावर पुन्हा बोट फिरवलं. खाली एकच भाव छापला होता.

काकूंच्या घरी दुपारी वीज महाग नव्हती. कधीच नव्हती.

तीन वर्षं मी समजत होते की मी या बाईला माझ्या घरात बसू देते. मी! जिची बॅग अर्धी भरलेली होती, जी खिडकीशी उभी राहून गाड्या मोजत होती. पहिल्या दिवशी मी "एकटी" म्हटलं होतं आणि काकू दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या होत्या. त्या दोन क्षणांत त्यांनी माझा प्लॅन ठरवला होता आणि त्यांचाही. स्वतःला सोबत हवी हे या बाईला तोंडाने म्हणता आलं नाही, म्हणून तिने मीटरच्या माथ्यावर खापर फोडलं. मला रडू फुटलं. फोनवरची बाई "मॅम? मॅम?" करत राहिली. तिला मी नंतर करते म्हणून सांगितलं आणि बिल होतं तसं फोनखाली ठेवलं.

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. "झालं का?"

"झालं," मी म्हटलं. नाक पुसलं. "पण काकू, एक अडचण आहे."

"काय?"

"शनिवारी दुपारी आमच्याकडे वीज फार महाग पडणार. बारा ते सहा. मी तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल?"

काकू ट्रे हातात धरून उभ्याच राहिल्या. शनिवारी मीटर झोपलेलं असतं, हे अख्ख्या फ्रीमाँटला सांगत फिरणारी बाई! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे, फोनखालच्या बिलाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"शनिवारी ना?" त्या म्हणाल्या. "हो गं. शनिवारी फारच महाग असते."

ट्रे त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"बाराला ये. आणि मिक्सरचं भांडं घेऊन ये, उगाच तुझ्याकडे वाटत बसू नकोस."