काखेतला संदर्भ

संशोधन म्हणजे तरी काय हो? नीट शोधलं की सापडतं! म्हणूनच बायको रडकुंडीला आली तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, “एवढंच ना? हातचा मळ आहे माझ्या!”

बाईसाहेब पन्नाशीला टेकल्यावर पुन्हा कॉलेजात जायला लागल्यात. शोधनिबंधाचा विषय : ‘घरातल्या पुरुषांना समोरची वस्तू का दिसत नाही?’ हा विषय कुठून सुचला, ते मी विचारलं नाही. नव्या सरांनी बजावलं होतं, आज संध्याकाळपर्यंत एक तरी भक्कम संदर्भ जोडा, नाहीतर वर्ष वाया! तसा लेख एका जुन्या नियतकालिकात होता आणि तो अंक कॉलेजच्या ग्रंथालयात.

“मीच जाते,” ती म्हणाली.

“तू टाइप कर गं! मी आणतो.”

“सापडेल तुम्हाला?”

“अपमान करू नकोस!”

ग्रंथालयात कपाट गाठलं. एक जाडजूड अंक मध्येच येत होता. तो काढून काखेत मारला आणि मागे शोधू लागलो. वरचा कप्पा झाला, खालचा झाला, अंक गायब!

“चोरी! चोरी!” मी बोंब ठोकली.

ग्रंथपालबाई धावत आल्या. “हळू बोला! सकाळीच मी तिथे ठेवलाय.”

“मग काय पाय फुटले त्याला?”

शिपाई शिडीवर चढला. बाई टेबलाखाली शिरल्या. शेजारी एक टक्कलवाले गृहस्थ वाचत बसले होते. मला त्यांचा संशय आला. “उठा बघू! खाली घेऊन बसलात ना?” बिचारे उठले. खाली नुसती उशी!

“कुठला अंक हवाय?” त्यांनी शांतपणे विचारलं. मी सांगितला.

“आणि काखेत कुठला आहे?”

काढून बघतो तर तोच!

“काखेत कळसा...” बाई टेबलाखालून पुटपुटल्या. गावाला वळसा घालून झालाच होता.

“विषय काय तुमचा?” गृहस्थ म्हणाले. मी मान खाली घालून सांगितला. ते पोट धरून हसायला लागले. “म्हणजे तुम्ही आमच्या विद्यार्थिनीचे यजमान! मीच त्यांचा सर!”

गेलं बायकोचं वर्ष! पण सर डोळे पुसत म्हणाले, “लेख जोडायला सांगाच. पण आज इथे घडलं ते आधी लिहायला सांगा. यापेक्षा भक्कम संदर्भ कुठला मिळणार?”

निबंध मंजूर झाला, छापूनसुद्धा आला! मी संदर्भसूची दोनदा वाचली आणि भडकलो. “सगळे आहेत, मीच नाही! एवढी धावपळ केली ती फुकट?”

बायकोने फक्त कागदावरचा माझा अंगठा उचलला. त्याच्या खालीच होतो मी!