गुळाचा वायसर

"मोटारीला काय लागतं? पेट्रोल आणि छाती!" असं कोंडाजी मुरुडभर सांगत फिरे. छाती होती हो! पेट्रोल मात्र टाकीखालच्या नळीच्या सांध्यातून टपटप गळत होतं.

घरची बैलजोडी गावातल्या अनंताला विकून त्याने ही जुनी मोटार घेतली होती, तीही लग्नासाठी! आज दिघीहून तरीने बाळाजी येणार, आगरदांड्याला मोटारीत बसणार, आणि मोटार पसंत पडली तर आपली लेक कोकिळा कोंडाजीला देणार. नेमका सकाळी सांधा आवळताना तांब्याचा वायसर फाटला.

कोंडाजीने चपलेचं चामडं कापून बसवलं. गळती तशीच! सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, ते पेट्रोल पिऊन पुरीसारखं फुगलं. होड्या बांधणारा भागोजी म्हणाला, "राळ लाव! अख्ख्या दर्याला आत येऊ देत न्हाय ती, तुज्या पेट्रोलची काय बिशाद?"

दर्याला अडवणारी राळ पेट्रोलात मुकाट विरघळली. कोंडाजी अगदी रडकुंडीला आला. कोकिळा गेली, बैल तर आधीच गेले होते!

आणि फडताळात त्याला गूळ दिसला. खडा पेट्रोलात बुडवून पाहिला, तर ढिम्म विरघळेना! घरात होता नव्हता तेवढा गूळ त्याने सुतात मळला आणि सांध्याला लिंपला. टपटप बंद!

आगरदांड्याला बाळाजी पागोटं धरून मोटारीत बसला. "वाऱ्यासारकी जातेय की!" तो खूश होऊन म्हणाला. कोंडाजीला हळद लागल्यासारखं वाटलं.

पण त्या दिवशी उधाण होतं. खाडीकाठच्या वळणावर पाणी रस्त्यावर चढलेलं. मोटार ऐटीत पाण्यात शिरली, आणि मध्येच गप्प झाली. पाणी अडवणं राळेला जमतं, ते गुळाला थोडंच जमणार! गूळ विरघळला, त्यामागोमाग सगळं पेट्रोल खाडीला मिळालं.

"आता रं?" गुडघाभर पाण्यात उभ्या बाळाजीने विचारलं. कोंडाजीला खाडीत जीव द्यावासा वाटला, पण खाडीलाही पेट्रोलचा वास येत होता.

तेवढ्यात अनंता बैलगाडी घेऊन आला. बैलांनी मोटार ओढून काढली, आणि जुन्या सवयीने थेट कोंडाजीच्या दारात नेऊन उभी केली. कोंडाजीला बैलांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

"आये, पावन्याला गूळ-पानी दे!" तो ओरडला.

वेणूबाई रिकामा डबा घेऊन दारात आली. "कुटला गूळ? समदा मोटारीला चारलास न्हवं?"

बाळाजी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन बसला. अनंताने बैलांसाठी कमरेला बांधलेल्या पुरचुंडीतून गुळाचा खडा काढून अदबीने पुढे केला.

बाळाजीने तो तोंडात टाकला, वर पाणी प्यायला, एकदा बैलांकडे पाहिलं आणि अनंताला जवळ बसवून घेतलं.

"पोरा, तुजं लगीन झालंय काय रं?"