साध्या पाण्यातली अंडी

मोरेनिकेच्या तीन टबांपैकी निदान एका टबातली अंडी जगायलाच हवी होती.

अबेओकुटाच्या विद्यापीठात ती तीन वर्षं मागूर माशाच्या अंड्यांवर काम करत होती. जंतू मारण्यासाठी साबणात जे रसायन घालतात, ते पाण्यात उतरलं तर अंड्यातल्या कोवळ्या जिवाचं काय होतं, एवढाच तिचा प्रश्न. पहिल्या टबात साधं पाणी, दुसऱ्यात थोडं रसायन, तिसऱ्यात जास्त. मागूरची अंडी दिवसभरात फुटतात आणि मेलेली पांढरी पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झाकणं काढली, तर तिन्ही टब सारखेच पांढरे.

"हात धुता का नीट?" प्रोफेसर अडेगोकेंनी विचारलं. विभागप्रमुख झाल्यापासून त्यांना स्वच्छतेचं वेड लागलं होतं.

"आम्ही सगळे धुतो, प्रोफेसर," मोरेनिके म्हणाली.

"मग आणखी धुवा."

दुसऱ्या खेपेला तिने कोपरापर्यंत हात धुतले. झाडलोट करणाऱ्या इया सिकिराने टब घासून लख्ख केले. अंडी संध्याकाळपर्यंतच पांढरी झाली. प्रोफेसरांनी दोष बोअरच्या पाण्यावर ढकलला. मग गावातून पाणी आलं. ते ज्या कॅनमधून आलं तेही घासले, जाळी घासली, चमचे घासले. तिसऱ्या खेपेची अंडी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकली नाहीत.

इया सिकिराने साध्या पाण्याच्या टबावर वाकून वास घेतला.

"आमच्या नातवाला आंघोळ घातली की अस्साच वास येतो बघ."

"इया, टब कशानं घासता तुम्ही?"

"त्या हिरव्या साबणानं. प्रोफेसरांनी खोकीच्या खोकी आणलीत ना. सगळं ह्यानंच धुवायचं, असा कागद लावलाय सिंकवर."

"आणि विसळता किती?"

"विसळायचं कुठं लिहिलंय? तूच तर वाचून दाखवलास कागद."

मोरेनिकेने साबणाचं वेष्टन उलटं केलं. मागच्या बारीक अक्षरांत तिचंच रसायन होतं. ती स्वतः महिनोन्महिने त्याच साबणाने दिवसातून वीसदा हात धूत होती. तिला तिसरा महिना होता. पोटावर ठेवलेला हात तिने हळूच बाजूला घेतला. माणसाच्या बाळाचं याने काही बिघडतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती तशीच प्रोफेसरांकडे गेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "पण तिन्ही टबांत सारखंच झालं ना?"

"सगळी मेली, प्रोफेसर."

"म्हणजे सारखंच."

"साध्या पाण्यातलीसुद्धा साबणानेच मेली. तोच तर घोळ आहे."

"घोळ कसला? साबण घातला काय, न घातला काय, फरक नाही. साबण कंपनीवाले दोन महिने अहवालासाठी मागे लागलेत. बिचाऱ्यांनी सगळ्या विभागाला साबण पुरवला."

"मी असं लिहिणार नाही."

"तू नको लिहूस. तुझी तब्येत सांभाळ," ते प्रेमाने म्हणाले. "मी लिहितो."

मोरेनिकेने नवे टब मिळवले आणि इयाला ते नुसत्या पाण्याने धुवायला सांगितलं. मग प्रयोग पहिल्यापासून करायची परवानगी मागणारा अर्ज तिने विद्यापीठाच्या प्राणी-प्रयोग समितीकडे धाडला. उत्तर यायला अडीच महिने लागले. तोवर पोट दिसू लागलं होतं. आई फोनवर म्हणायची, "एवढी काळजी कसली करतेस? खा, झोप." ती खायची. झोप लागायची नाही.

समितीचं पत्र चार ओळींचं होतं. या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाकडे आधीच आहे, तेव्हा पुन्हा मासे मारण्याचं कारण दिसत नाही. सोबत पुरावा म्हणून छापील अहवाल जोडला होता: रसायनाच्या आणि साध्या पाण्यातल्या अंड्यांत कोणताही फरक आढळला नाही.

लेखकांत प्रोफेसरांचं नाव दुसरं होतं. पहिलं तिचं.