दामू भावजींनी मिशी काढली

ट्रॅक्टर किंचाळायला लागला तेव्हा दामू भावजी बांधावर जेवत बसले होते. त्यांनी ताटातलं वरण एका घोटात पिऊन टाकलं, अर्धी भाकरी माझ्या ओच्यात टाकली आणि रिकामं ताट घेऊन ट्रॅक्टरकडे पळत सुटले. मला वाटलं, माणूस खुळा झाला.

आमच्या रानात सोयाबीनची मळणी चालली होती. मळणी यंत्र ट्रॅक्टरला जोडलेलं. यंत्राच्या तोंडाशी माझी सून सविता आणि मजुरीला आलेली कमळाबाई काड घालत होत्या. माझा मुलगा बालाजी ट्रॅक्टरवर. एकाएकी इंजिनानं जी रेस घेतली ती वाढतच गेली. काळा धूर नुसता भकाभका. बालाजीनं रेस कमी करून बघितली, इंजिन बंद करायची दांडी ओढून बघितली. कशालाच दाद नाही. मळणी यंत्र जागच्या जागी उड्या मारायला लागलं, त्याचे पत्रे वाजायला लागले. सविता मागे सरली. कमळाबाई तिथंच यंत्रापुढे मटकन बसली. बालाजी स्टेअरिंग धरून दगडासारखा.

"उतर रं, भाड्या!" मी ओरडले. त्याला ऐकू कसलं येतंय.

भावजी पुढच्या चाकावर पाय देऊन बॉनेटवर चढले. वर जी हवा ओढायची नळी असते तिचं टोपण त्यांनी उपटलं, माझं ताट त्या तोंडावर पालथं मारलं आणि त्याच्यावर छाती टाकून आडवे झाले. इंजिन दोनदा घुसमटलं आणि मेलं. हवा तुटली की डिझेल असून काही उपयोग नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "भावजी, ताटाची वाटी झाली की!" खरंच झाली होती. इंजिनानं ते मधोमध आत ओढून घेतलं होतं.

दामू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. संतपूरच्या स्टँडमागे त्यांचं दुकान आहे. डिझेलचे पंप नीट करतात. त्यांची बायको लग्नानंतर दोन पावसाळ्यांत गेली, मूलबाळ नाही, दुसरी केली नाही. जेवायला आमच्यात. त्यांच्याइतका गर्विष्ठ माणूस औराद तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि त्या गर्वातला निम्मा गर्व माझा आहे.

त्यांचा सगळा जीव गव्हर्नरात. राज्याच्या नव्हे, पंपाच्या. पंपाच्या बुडाला एक डबा असतो, त्यात दोन वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिन जास्त पळालं की वजनं फाकतात आणि डिझेल तोडतात. दमलं की स्प्रिंग ओढते आणि डिझेल वाढवते. किती पळू द्यायचं ते बाहेरच्या एका स्क्रूनं बांधायचं. एवढंच. हे मला लग्न होऊन आल्याच्या आठवड्यात समजावलं होतं. सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी.

दुकानात पंप उघडायच्या खोलीत चपला घालून गेलं की ते अंगावर येतात. हात साबणानं धुतल्याशिवाय स्प्रिंगला बोट लावत नाहीत. देवाला मात्र तसेच काळे हात जोडतात. म्हणतात, "देव काय बिघडत न्हाई, वयनी. स्प्रिंग बिघडती." इंजिन ऐकायचं तर एक लाकडी दांडकं पंपाला टेकवून त्याचं दुसरं टोक दातात धरतात आणि डोळे मिटतात. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, पण तीन गल्ल्या पलीकडचं जनरेटर खोकलं तर हातातला घास खाली ठेवतात.

आळंदला पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती आणि मांडवातले दिवे एकदा भक्क व्हायचे, एकदा मिणमिणायचे. बाकी सगळे नवरानवरीकडे बघत होते. भावजी म्हणाले, "जनरेटर धापा टाकायलाय," आणि मांडवाबाहेर गेले. शेवटच्या 'सावधान'ला दिवे स्थिर झाले. परत येऊन त्यांनी अक्षता टाकल्या त्या काळ्या. नवऱ्याच्या फेट्यावर तेलाचा पंजा उमटला. नवऱ्याचा बाप म्हणाला, "ह्ये कोण?" मी म्हणाले, "आमच्यातले हायेत. दिवे लागलेत न्हवं?"

माणसं पण ते इंजिनासारखीच तपासतात. मी चिडले की म्हणायचे, "वयनी, रेस कमी करा. स्क्रू कुठाय तुमचा?"

"माहेरी ऱ्हायला," मी म्हणायची.

ऊस ओढणारी पोरं भालकीकडून त्यांच्याकडे यायची. पंपाचा स्क्रू वाढवा, स्प्रिंग जाड घाला, म्हणजे इंजिन जोरात पळेल, दोन ट्रॉल्या ओढेल. "अण्णा, जरासंच फिरवा की."

"फिरवतो. अन् उताराला कोण धरंल? तुजा बाप?"

"सगळेच करायलेत, अण्णा."

"मग सगळ्याकडं जा."

पंप नीट करून झाला की ते स्क्रूला तार गुंडाळून शिसं दाबायचे. ते सील तोडलेलं दिसलं तर त्या माणसाला पुन्हा दुकानाची पायरी नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चारचौघांत सांगायचे, "माझ्या हातचा पंप मोकाट सुटला तर मिशी काढीन." मिशी चांगली होती. तिला रोज खोबरेल लागायचं.

बालाजीलाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. मळणीच्या आधी तो म्हणाला होता, "काका, कारखाना सुरू व्हईल. मला दुसरी ट्रॉली जोडायची हाय. घरचा हाय म्या, माझा तर वाढवा." भावजी म्हणाले, "घरचा हायस म्हनून तर न्हाई." बालाजी रुसला. ज्या काकाच्या मांडीवर बसून तो बोलायला शिकला, त्याच्याशी बोलेनासा झाला.

तर त्या दिवशी रानात. इंजिन मेलं. भावजी बॉनेटवरून उतरले, शर्ट छातीवर भाजला होता. पंपाजवळ वाकले, बोटानं चाचपलं आणि सावकाश उभे राहिले. तोवर बाजूच्या रानातली माणसं धावत आली. त्यात कमळाबाईचा नवरा मारुती, हातात काठी. त्यानं बायकोला उठवलं, तिचे हातपाय बघितले आणि बालाजीकडे वळला.

"पंपाला हात कुणी लावला? बोल! माझी बायकू आत गेली असती."

बालाजीनं तोंड उघडलं. त्याच्या आधी भावजी बोलले.

"म्या लावला, मारुती. म्या सैल केला. हात चुकला माझा."

मारुतीची काठी खाली आली. भावजींच्या वयाच्या माणसावर तो काठी कशी उगारणार?

घरी आल्यावर भावजी सरळ न्हाव्याकडे गेले. आले ते मिशी काढून. वरचा ओठ सोललेल्या शेंगदाण्यासारखा पांढरा. सविता रडायला लागली. मला हसू आलं, मग नाही आलं.

"भावजी, तुमी एवढ्यात बालाजीच्या पंपाला कधी हात लावला?"

"भाकर वाढा, वयनी."

"त्यो तर तुमच्याशी बोलतबी नव्हता. पंप तुमच्यापुढं आलाच कवा?"

"वाढायलात का जाऊ हॉटेलात?"

वाढली. बालाजी दारात उभा होता. तोच म्हणाला, "आई, म्या केलं. सील तोडलं, स्क्रू फिरवला, जाड स्प्रिंग घातली. काकाचे हात बघून बघून शिकलोतो. तशीच तार गुंडाळून ठिवली." मग भावजींकडे वळून म्हणाला, "काका, म्या आत्ता जाऊन मारुतीला सांगतो."

"बस गप," भावजी म्हणाले. "उद्या तुज्या मळणीवर कोण बाया धाडंल? तुला ह्याच गावात अजून लई पिकं काढायचीत. माझं दुकान काय, आज हाय, उद्या न्हाई. स्प्रिंग उलटी बसवलीस, गाढवा. ये हिकडं, दावतो." आणि भाकरी तशीच ठेवून, साबणानं हात धुऊन, त्याला घेऊन पंपाशी बसले. एवढे दिवस न बोललेले दोघं अंधार पडेपर्यंत स्प्रिंगवर भांडत होते.

दुकान त्या वर्षी ओस पडलं. 'दामू मिस्त्रीचा हात गेला' असं भालकीच्या बाजारात बोलत होते. हे ऐकून ते घरी येत, जेवत आणि एवढंच म्हणत, "बोलू द्या. लोड आला की कळतंय इंजिन कसलंय त्ये." हॉटेलात जायचे मात्र बंद झाले. दुपारी दुकानात एकटे बसायचे. मी डबा घेऊन गेले तर एकच पंप उघडून त्याची तीच वजनं पुसत बसलेले दिसायचे. मिशी पुन्हा वाढवली नाही.

पुढच्या मळणीला बालाजीला राहवलं नाही. ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी मारुती आणि कमळाबाईपुढे उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. भावजी तिथंच होते. त्यांनी पायातली चप्पल काढून त्याच्याकडे फेकली, ती चुकली.

मारुतीनं ती उचलून भावजींच्या पायाशी ठेवली. कमळाबाई कमरेला पदर खोचत म्हणाली, "मला तवाच ठाव हुतं. दामू अण्णा 'माझं चुकलं' म्हनले, तवाच म्हनलं ह्ये खोटं हाय. जल्मात कधी म्हनलेत का?"

भावजी चिडून म्हणाले, "मग वर्षभर तोंड शिवलंतं का तुजं?"

"तुमी येवढी मिशी घालवलीत पोरापायी. तुमचा शब्द म्या कामून मोडू?"

हे लिहू का, असं मी बालाजीला विचारलं. लिही, म्हणाला. भावजींना विचारलं नाही.

त्या दिवशी रानात कमळाबाई होती, सविता होती, बालाजी होता आणि ताटावर छाती टाकलेले दामू भावजी होते. सगळे जगले.