जास्तीचे दहा स्क्रू

दाताच्या डॉक्टरकडे निघताना बायको म्हणाली, "अहो, गेम चालू ठेवलाय. नुसतं बघा. बोट लावू नका." मी बघायला बसलो आणि तिथेच चुकलो. (बघता बघता बोट लावणं हा माझा जुना आजार आहे.)

बायको कारखाना बांधायचा गेम खेळते. खेळते कसली, चालवते! खाणीतून लोखंड निघतं, त्याच्या विटा होतात, विटांच्या सळया, सळयांचे स्क्रू आणि शेवटी इंजिनं. पट्ट्यांवरून माल असा शिस्तीत सरकतो, की आमच्या ऑफिसातल्या फायलींनी लाजावं. पाच वाजता तिच्या गटातल्या चौघीजणी ऑनलाइन येणार होत्या आणि त्यांच्यादेखत शंभरावं इंजिन बाहेर पडणार होतं. त्यासाठी ती महिनाभर राबली होती.

मी सहज स्क्रूच्या मशीनवर क्लिक केलं. दोन रेसिपी दिसल्या. नेहमीची सळईपासून, मिनिटाला चाळीस स्क्रू. पर्यायी थेट विटेपासून, मिनिटाला पन्नास. चाळीसपेक्षा पन्नास जास्त, हे कळायला काय पदवी लागते? (माझ्याकडे आहे.) मी पर्यायी निवडली.

मशीन थांबलं. त्याला आता विटा हव्या होत्या आणि येत होत्या सळया. मग मी विटांची पट्टी इकडे वळवली, तर सळयांची मशीनं उपाशी पडली. इंजिनाला सळयाही लागतात, हे इंजिनं बंद पडल्यावर कळलं.

पावणेपाचला बायको आली. इंजेक्शनने ओठ बधिर झालेले. स्क्रीनकडे बघून ओरडली, "कुणी ओट लाअलं?"

"ओठ? सुजलाय थोडासा. बर्फ आणू?"

तिने कागद ओढून लिहिलं : 'किती मशीनांना बोट लावलं?'

"एकालाच."

तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

"अकरा," मी म्हणालो.

ती चिडली नाही. कागदावर दोन रकाने पाडून दोन्ही रेसिपी समोरासमोर मांडल्या. माझी रेसिपी स्क्रू जास्त देत होती, पण विटा दुप्पट खात होती. तिने दहा मशीनं पूर्ववत केली आणि जिथे विटा नुसत्या पडून होत्या, तिथल्या अकराव्या मशीनवर माझी रेसिपी राहू दिली! मी बघतच राहिलो. बावीस वर्षं मी या बाईला डब्याचं झाकण कसं लावायचं ते शिकवत आलो होतो. पाच वाजून तीन मिनिटांनी शंभरावं इंजिन बाहेर पडलं, चौघींनी टाळ्या वाजवल्या आणि मला खरंच भरून आलं.

ओठ ताळ्यावर आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी वेगळं युनिट बांधलंय. नकाशाच्या कोपऱ्यात. तिथे हव्या त्या रेसिपी बदला."

मी तासभर जीव ओतून रेसिपींची तुलना केली. स्क्रू मिनिटाला साठावर नेले!

"यातला माल पुढे कुठे जातो गं?"

"कुठेच नाही. तुमचं मन रमावं म्हणून आहे ते."

मी मनापासून हसलो. मग एकदम आठवलं, गेल्या वर्षी साहेबांनीही मला कोपऱ्यात स्वतंत्र टेबल दिलंय, आणि तेव्हापासून माझ्याकडची एकही फाईल कुणी परत मागायला आलेलं नाही.